मथुराबाईंची सवत

मथुराबाई पटल्यांचा मला हेवा वाटतो, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढं कोणी मला सरळ मनाची बाई समजायला नको. बोरसीत आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. त्यांचे यजमान गुलाबराव भिलाईच्या स्टील प्लांटात मेंटेनन्सला फिटर होते, माझे श्यामराव तिथंच अकाउंट्सला. दोघं एकाच वर्षी रिटायर झाले. श्यामराव सोफ्यावर बसले ते बसलेच. गुलाबरावांनी मात्र हथखोजच्या एका कारखान्यानं भंगारात काढलेली मिनीबस आणून दारात उभी केली आणि सांगितलं, हिचं घर करायचं.

घर म्हणजे चाकांवरचं घर. आत पलंग, ओटा, गॅस, बेसिन आणि मागच्या बाजूला उंचावर पाण्याची टाकी. त्यांचा मुलगा पीयूष पुण्याहून फोनवर तिला मोटरहोम म्हणायचा. गुलाबराव नुसतं गाडी म्हणायचे. मथुराबाई म्हणायच्या सवत.

आधी आम्ही शेजारणी सगळ्या हसायचो. मग लक्षात आलं की मथुराबाई हसत नाहीत. त्यांचंही चुकत नव्हतं. तिरोड्याकडच्या शेतकरी घरातली ही पोरगी लग्न होऊन प्लांटच्या सेक्टरातल्या क्वार्टरमध्ये आली आणि तिचा सगळा संसार नवऱ्याच्या शिफ्टवर चालला. तो नाईटला गेला की ही एकटी, तो नाईटवरून आला की दिवसभर पोराला गप्प बसवायचं, कारण बाप झोपलाय. दिवाळीला भट्टी बंद नसते, तेव्हा दिवाळीलाही तो घरी नसायचा. रिटायर झाला की हा माणूस माझा, एवढ्या एका आशेवर बाईनं दिवस काढले. आणि रिटायर झाल्यावर माणूस कुठं, तर गाडीखाली. सकाळी चहा घेतला की खाली, जेवण झालं की खाली. मथुराबाईंना दिवसभर दिसायचे ते फक्त त्यांचे पाय.

मी त्यांच्या बाजूनं बोलत असले तरी मनातून मला वाटायचं, काय ही बाई, हिला आपल्या हातात काय आहे ते दिसत नाही. गुलाबरावांनी त्या गाडीतल्या ओट्याची उंची मथुराबाईंना उभं करून, त्यांच्या कोपरापासून मोजून घेतली होती. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. माझ्या स्वतःच्या ओट्यापुढं मी संसार सुरू झाल्यापासून टाचा उंचावून पोळ्या लाटते आहे. त्या रात्री मी श्यामरावांना मुद्दाम दोन पोळ्या करपवून वाढल्या. त्यांनी त्या खाल्ल्या, कळलंही नाही.

गाडीखाली जाण्याची गुलाबरावांची रीत प्लांटातली होती. आधी गाडीची चावी काढून स्वतःच्या खिशात. मग चाकांना दोन्हीकडून लाकडी पाचर. जॅक फक्त उचलण्यापुरता, जॅकवर गाडी ठेवून ते कधी खाली शिरले नाहीत. उचलली की तिच्याखाली लोखंडी घोड्या, म्हणजे टेकूच्या तिपाया, लावायच्या, वजन घोड्यांवर घ्यायचं, मग चारी बाजूंनी गाडी हलवून बघायची. काढलेलं चाकही ते आडवं करून गाडीखाली सरकवून ठेवत. घोडी दगा देईल तर गाडी चाकावर बसेल, माणसावर नाही. शेवटी दाराला लाल पाटी अडकवायची. प्लांटात अशी पाटी ज्यानं लावली त्यानंच काढायची असते, दुसऱ्यानं हात लावायचा नाही.

ही पाटी मथुराबाईंच्या फार डोळ्यांत खुपायची. कारण पाटी असेपर्यंत गाडीत कोणी पाऊल टाकायचं नाही. साधी मोटार असती तर आत कोण कशाला शिरेल, पण हे पडलं घर. कोणी आत चाललं, पलंगावर बसलं, की खाली झोपलेल्या माणसाच्या नाकावर सगळं हलतं. गुलाबरावांनी हे नीट समजावून सांगितलं होतं. मथुराबाईंनी त्यातलं एवढंच ऐकलं, की माझ्या कोपराच्या मापाचा ओटा आणि त्याच्याजवळ जायला मलाच मनाई.

मग त्यांनी वेगळा मार्ग काढला. गुलाबराव खाली गेले की त्या हाका मारायच्या. सिलिंडर संपला. पीयूषचा फोन आहे. माळ्यावरून डबा काढून द्या. गुलाबराव सरपटत बाहेर यायचे, हात पुसायचे, तेव्हा कळायचं की सिलिंडर अर्धा भरलेला आहे आणि पीयूषनं फोन केलेलाच नाही. एकदा तर साप निघाला म्हणून ओरडल्या. गुलाबराव काठी घेऊन आले तर म्हणाल्या, गेला. हळूहळू ते हाकेला उठेनासे झाले. खालूनच हो म्हणायचे आणि पाना फिरवत राहायचे.

उरलेला वेळ मथुराबाई व्हरांड्यात हाताची घडी घालून गाडीकडं पाहत उभ्या असायच्या. तिच्या रंगाची पोपडी कुठं निघाली, कोणत्या खिडकीचा रबर सैल आहे, कोणत्या बाजूला ती जरा जास्त बसते, सगळं त्यांना पाठ. मला बोलावून दाखवायच्या. म्हणायच्या, रमाताई, पहा कशी बसली हाये ठमकून. मी म्हणायचे, अहो, बस आहे ती. पण आतून मला गंमत वाटायची आणि थोडं दुखायचंही. एवढं जळण्यासारखं माझ्याकडं काय होतं? सोफा?

मार्चात गाडी बरीच तयार झाली. गुलाबरावांनी कबूल केलं होतं की पहिली फेरी तिरोड्याला, मथुराबाईंच्या माहेरी. भाचीच्या लग्नाला याच घरातून जायचं. मथुराबाईंनी तोंड वाकडं केलं आणि म्हणाल्या, मी मेल्यावर निघेल तुमची गाडी. गुलाबरावांना ते लागलं असावं. लग्न चार दिवसांवर आलं, मागच्या स्प्रिंगचे पाटे आणि ब्रेक व्हायचे होते, पाण्याचा पाईप कुठंतरी गळत होता, आणि मागची दोन्ही चाकं पावर हाउसच्या बाजारात टायरवाल्याकडं गेली होती. त्यातच घोड्यांपैकी एक बाबारावांनी नेलेली. बाबाराव म्हणजे प्लांटातले त्यांचे जोडीदार, त्यांच्या दारातही एक जीप उघडी पडली होती. एरवी गुलाबराव थांबले असते. त्या दिवशी थांबले नाहीत.

एका बाजूला घोडी लावली आणि दुसऱ्या बाजूला विटा रचल्या. साध्या नाहीत, प्लांटात लोखंडाच्या भट्टीला आतून लावतात त्या विटा. भिलाईत ही वीट कुणाच्या घरी नाही? आमच्या तुळशीभोवती आहे, मथुराबाईंच्या न्हाणीच्या पायरीला आहे. प्लांटच्या माणसाला त्या विटेचा अभिमान असतो, जणू ती त्यानंच घडवली. मी कुंपणापाशी कपडे वाळत घालत होते. विटांवर बरं चालेल का, एवढं मी विचारलं, तर गुलाबराव हसले आणि म्हणाले, "वहिनी, वितळलेलं लोखंड सोसते ते. हे तं डब्बा हाये."

मलाही पटलं. मीही प्लांटवाल्याचीच बायको. आग सोसणं वेगळं आणि एका कोपऱ्यावर ओझं सोसणं वेगळं, हे तेव्हा आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

त्यांनी गळती सापडावी म्हणून वरची टाकी भरायला लावली, नळी आत सोडली, आणि चाकं लावलेल्या फळीवर उताणे पडून खाली सरकले. टाकी भरत होती. पाण्याला वजन असतं आणि ते सगळं मागच्या बाजूला होतं. मथुराबाईंनी नुकतंच अंगण झाडलं होतं. त्या झाडू घेऊन बाहेर आल्या आणि थबकल्या.

मला वाटलं, झालं, आता सिलिंडर संपणार.

त्या गाडीकडं पाहत होत्या, नेहमीच्याच वाकड्या नजरेनं. मग खाली पाहिलं. झाडलेल्या जमिनीवर विटांच्या बुडाशी पिवळसर भुकटी पडली होती. माझ्यादेखत अजून थोडी पडली. मला ती दिसली आणि मी पुढचा टॉवेल पिळला. मथुराबाई मात्र अशाच एका विटेवर लाल मिरच्या कुटायच्या. ती वीट आदल्या वर्षी आवाज न करता मधोमध दोन झाली होती, त्याआधी तिनंही अशीच भुकटी टाकली होती.

"बाहेर निघा," त्या म्हणाल्या.

खालून आवाज आला, "कावून?"

"गाडी कलली हाये."

"तुले तं रोजच कललेली दिसते. थांब जरा, पाईप सापडून राहिला."

मथुराबाईंचा चेहरा मी पाहिला. त्या क्षणी त्यांना कळलं की आपला शब्द आपणच खर्चून टाकलेला आहे. खरं सांगितलं तरी हा माणूस उठणार नाही, आणि समजावत बसायला वेळ नाही. त्यांनी झाडू टाकला, खाली बसल्या, गुलाबरावांचे दोन्ही घोटे धरले आणि सगळ्या अंगानिशी मागं हिसका दिला. फळी गडगडत बाहेर आली. गुलाबरावांचं कपाळ पत्र्याला घासलं, त्यांनी एक सणसणीत शिवी दिली. बायकोला दिलेली ती पहिली शिवी असावी, कारण देताना त्यांचा आवाज चिरकला. त्यांचं डोकं बाहेर आलं न आलं, तोच वीट खचली.

फार मोठा आवाज झाला नाही. आधी कट्ट असं झालं, मग गाडीचा मागचा कोपरा खाली आला, पलीकडची घोडी आडवी पडली आणि ब्रेकचा ड्रम जमिनीत रुतला. त्यांचा हातदिवा खाली राहिला होता, तो पापडासारखा चपटा झाला. वरच्या टाकीचं पाणी दारातून अंगणात वाहायला लागलं.

मी कुंपण ओलांडून कशी गेले ते मला आठवत नाही. दोघं जमिनीवर बसले होते. मथुराबाईंनी अजून त्यांचे पाय सोडले नव्हते. गुलाबरावांच्या कपाळातून रक्त येत होतं आणि ते पुसायचं कुणाला सुचत नव्हतं. मग ते म्हणाले, "मी आवाज आयकला तुया. पण मले वाटलं, तू नेहमीसारखीच..."

"नेहमीसारखीच होती मी," मथुराबाई म्हणाल्या. "जळून राहिली होती. म्हणून तं दिसलं."

गुलाबरावांनी त्यांचं मनगट धरलं. आमच्याकडं नवरा-बायको चारचौघांत एकमेकांना हात लावत नाहीत, फोटो काढतानाही मधे एखादं पोर नाहीतर खुर्ची असते. शेजारपाजारची माणसं गोळा झाली. कुणी पाणी आणलं, कुणी हळद आणली, बाबाराव घोडी घेऊन धावत आले आणि दारातच उभे राहिले. गुलाबरावांनी मनगट सोडलं नाही. मथुराबाई म्हणाल्या, सोडा आता, लोक पाहून राहिले. त्यांनी मान हलवली, पण सोडलं नाही. दुसऱ्या हातानं ते कपाळाला हळद लावत होते. मागं गाडी वाकडी पडली होती, तिच्यातून पाणी ठिबकत होतं, वर्षभराची मेहनत चिखलात गेली होती. त्यांनी एकदाही मान वळवून तिच्याकडं पाहिलं नाही.

मथुराबाईंनी हे ओळखलं. त्यांनी एकदा गाडीकडं पाहिलं, एकदा आपल्या मनगटाकडं, आणि मग त्या रडायला लागल्या. मोठ्यानं, गावाकडच्या बायका रडतात तशा. जिंकलेली बाई अशी रडते हे मला माहीत नव्हतं. मी तिथं उभी होते, माझ्याही डोळ्यांत पाणी होतं, आणि खोटं कशाला बोलू, त्यातलं निम्मं पाणी हेव्याचं होतं. माणूस वाचला याचा आनंद होता. पण मला ते मनगट हवं होतं.

मी घरी आले. श्यामराव सोफ्यावर होते. टीव्हीचा आवाज कमी करून त्यांनी विचारलं, बाहेर कसला गलका चाललाय. मी चहा टाकला आणि सगळं सांगितलं. विटा, टाकी, भुकटी, मथुराबाईंनी कसं ओढलं, जरा उशीर झाला असता तर काय झालं असतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाले, "अरे बापरे. गाडीचं काय काय मोडलं?"

मी कप त्यांच्यापुढं ठेवला आणि म्हटलं, "माहीत नाही. मी गाडीकडं पाहिलंच नाही."