त्याच्यासाठी निवडलेले स्विच

नाशिकमध्ये द्वारका चौकाजवळच्या एका इमारतीत आमचं ऑफिस आहे. हॉटेलवाले, द्राक्षवाले, दुकानदार यांच्या वेबसाइट आम्ही बनवतो. मी नामपूरकडचा. नोकरीला लागलो त्याच आठवड्यात आईचा फोन आला आणि मी सगळ्यांसमोर घरच्या बोलीत बोललो, "माय, मी ऑफिसमा शे. मंग फोन करसू."

फोन ठेवला तर टीम लीडर खुर्ची फिरवून माझ्याकडेच बघत होता. "ऑफिसमा शे?" तो म्हणाला. आमच्या बोलीत 'शे' म्हणजे 'आहे'. त्या दिवसापासून माझं नाव 'शे' पडलं. "ए शे, फाइल पाठवली शे का?" सगळे हसायचे. नवीन होतो म्हणून मीही हसायचो.

मग एकदा आई डोळे दाखवायला नाशिकला आली. दवाखान्यातून येऊन ती आमच्या रिसेप्शनच्या सोफ्यावर माझी वाट बघत बसली होती. टीम लीडर आतून आला, तिच्यासमोर वाकला, हात जोडले आणि माझीच नक्कल करत म्हणाला, "काय माय, कशी शेतस? जेवण झायं का?" मागे दोघं-तिघं तोंडावर हात धरून उभे होते. आईला ते दिसले नाहीत. डोळ्यांत औषध घातलेलं होतं. तिचा चेहरा असा फुलला, की मला तिकडे बघवेना. तिने पिशवीतून माझ्यासाठी आणलेले नागलीचे पापड काढले आणि त्याच्या हातात ठेवले.

रिक्षात बसल्यावर ती म्हणाली, "तुना साहेब आपलाकडला शे का? चांगला माणूस शे."

मी "हां" म्हणालो. दुसरं काय म्हणणार? पण त्या रिक्षात मी ठरवलं, की हे मी सोडणार नाही. कसं, ते तेव्हा माहीत नव्हतं.

संधी त्यानेच आणून दिली. मला मेकॅनिकल कीबोर्डचा नाद आहे. या कीबोर्डात प्रत्येक बटणाखाली एक छोटा स्विच असतो. तो चिमट्याने उपटून त्या जागी दुसरा बसवता येतो. त्यानेही असाच एक महागातला कीबोर्ड घेतला होता, पण खडखड आवाज येतो आणि बोटं दुखतात म्हणून वैतागला होता. नमुन्याच्या स्विचची डबी माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला, "शे, तू यातला ना? सांग, कोणते टाकू?"

मी एकेक स्विच दाबून पाहिला. कुणाची स्प्रिंग कडक, कुणाची मऊ, एक तर नुसती फुंकर मारली तरी खाली जाईल असा. त्याचे हात मी रोज बघत होतो. विचार करताना तो दहाही बोटं बटणांवर टाकून द्यायचा, झोपलेल्या माणसाच्या हातासारखी. त्याला कडक स्प्रिंगच हवी होती. माझ्या हातात ती होतीसुद्धा. ती मी खाली ठेवली आणि सगळ्यात हलका स्विच उचलला.

"सर, हे घ्या. लोण्यासारखे आहेत. गेम खेळणारे असलेच वापरतात."

त्याने दाबून बघितला. "वा!" म्हणाला आणि पूर्ण संच मागवला. तो आल्यावर मी स्वतः बसून एकेक स्विच उपटला आणि एकेक बसवला. कुठलंही काम मी इतक्या मनापासून केलं नसेल.

पुढे जे व्हायचं ते झालं. त्याच्या मेसेजमध्ये नको ती अक्षरं घुसायला लागली. पासवर्ड चुकायला लागला. तो आधी कीबोर्ड कंपनीला शिव्या घालत होता, मग आमच्या इंटरनेटला. मी मान हलवायचो.

मग विंचूरचा एक द्राक्षवाला क्लायंट मीटिंगला आला. टीम लीडरचा स्क्रीन भिंतीवरच्या टीव्हीला जोडलेला होता. क्लायंटकडे तोंड करून तो मोठमोठं बोलत होता, हात नेहमीसारखे बटणांवर टाकलेले. टीव्हीवर त्या माणसाच्या कंपनीच्या नावापुढे 'जे' हे अक्षर धावत सुटलं, एक ओळ, दुसरी ओळ.

"ओ साहेब," क्लायंट म्हणाला, "हे काय लिहून राहिले तुम्ही? मशीनमध्ये भूत शिरलं का काय?"

सगळं ऑफिस हसलं. सगळ्यांचं थांबल्यावरही मी हसत राहिलो, सरळ त्याच्या डोळ्यांत बघून. तेव्हा त्याला कळलं.

संध्याकाळी त्याने मला पँट्रीत गाठलं. "असं होणार, तुला माहीत होतं?"

"हो सर. तुम्ही बोटं कशी ठेवता, ते मी रोज बघतो."

"म्हणजे मुद्दाम केलंस?"

"माझी आई अजून तुमची आठवण काढते, सर. तिला वाटतं, तुम्ही आमच्याकडचे आहात."

त्याचा चेहरा उतरला. "अरे, ती गंमत होती."

"हीपण गंमतच होती."

दुसऱ्या दिवशी त्याने ते स्विच स्वतःच उपटले, घाईत काहींच्या पिना वाकवल्या. मला माझ्या नावाने हाक मारायला लागला. विंचूरच्या कामातून मात्र मला काढलं आणि कितीतरी दिवस भंगार कामं माझ्या गळ्यात मारली. मी ती केली. महाग पडलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही.

गेल्या महिन्यात सुरगाण्याकडची एक मुलगी आमच्याकडे लागली. पहिल्याच दिवशी ती फोनवर तिकडच्या बोलीत घरी बोलत होती. टीम लीडरने खुर्ची फिरवली, तोंड उघडलं. मग त्याची नजर माझ्याकडे गेली. मी काम थांबवून त्याच्याकडेच बघत होतो.

"जेवणाची सुट्टी दीडला असते," तो तिला म्हणाला आणि खुर्ची परत फिरवली.