साडेबारा टक्के ओलावा

अमरावतीच्या शेषरावांना घरचं कुणी भाजीबाजारात सोबत नेत नाही. वांगी घ्यायची असली की ते वरची चकचकीत वांगी बाजूला सारतात आणि टोपलीत कोपरापर्यंत हात घालून तळातलं एक वर काढतात. लग्नाच्या पंगतीत वाढप्यालाही भाताच्या ढिगात खोल डाव घालायला लावतात. "वरचा माल दाखवाले असते," असं त्यांचं म्हणणं. वाढप्या बिचारा घाबरून वधूपक्षाकडे बघतो.

यात त्यांचा दोष नाही. बत्तीस वर्षं ते कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. ट्रॅक्टर आला की ढिगात हात खुपसायचा, आतला पुंजका काढायचा, दोन अंगठ्यांत धरून धाग्याची लांबी पाहायची, सरकी दाताखाली फोडायची आणि आवाजावरून ओलावा सांगायचा. आठ टक्क्यांपर्यंत ओलावा असला तर माल उत्तम. बारापर्यंत चालवून घ्यायचा. बाराच्या वर गेला की नाकारला, मग ट्रॅक्टर कुणाचा का असेना. एकदा सख्ख्या मेहुण्याचा कापूस तेरा भरला. शेषरावांनी परत पाठवला. मेहुणा पायलच्या बारशाला आला नाही. पुढे तिच्या लग्नालाही आला नाही, आणि शेषरावांनी तेव्हाही तेरा म्हणजे तेराच असं सांगितलं.

ही पायल म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. नांदगाव पेठच्या रस्त्यावर लाल पाटीचं मोठं हॉटेल आहे, तिथे ती सहायक मॅनेजर आहे. पुण्यापासून रायपूरपर्यंत एकाच चवीचं पनीर खाऊ घालणाऱ्या कंपनीची ही अमरावतीची शाखा. मागच्या वर्षी कंपनीने सगळ्या शाखांना काचेच्या दाराचं एकसारखं कपाट पाठवलं आणि त्यात सहा प्रकारची वाइन ठेवायला सांगितली. आता आपल्याकडे 'वाइन शॉप' या पाटीखाली काय वाटेल ते मिळतं. त्यामुळे गिऱ्हाईक मेनूचं शेवटचं पान उघडून विचारायचं, "वाइनमंदी व्हिस्की कोनती हाय?" पायल समजावून सांगायची. गिऱ्हाईक समजून घ्यायचं आणि ताक मागवायचं.

शेवटी कंपनीने ठरवलं की गावातल्याच पाच जणांना बोलावून वाइनची निवड कशी आहे ते विचारावं. दहापैकी सरासरी सात गुण पडले तर कपाट राहील आणि अकोल्याला निघणाऱ्या नव्या शाखेची मॅनेजर म्हणून पायल जाईल. सातच्या खाली आले तर कपाट नागपूरला जाईल आणि अकोल्याला नागपूरचं कुणीतरी येईल. पायलने सहा वर्षं या खुर्चीची वाट पाहिली होती.

त्या बुधवारी सकाळी ती माहेरी आली तेव्हा शेषराव चहा पीत होते.

"बाबा, चार वाजता हॉटेलात या. पाचवा मानूस दर्यापूरले लग्नाले पळाला."

"मी काय करू तिथं?"

"माल पाहून नंबर द्याचे. वाइन हाय."

शेषरावांनी कप खाली ठेवला. वीस वर्षांपूर्वी मोझरीच्या आश्रमात त्यांनी दारूला शिवणार नाही असा शब्द दिला होता. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याचा विषय तेव्हा निघाला नव्हता, म्हणून तो चालू होता.

"म्हंजे दारूच ना थे?"

"ड्राय हाय बाबा," पायल म्हणाली.

ती खरं बोलली. पण शेषरावांना ड्रायचा एकच अर्थ ठाऊक. ड्राय डे म्हणजे दारू नाही. शेजारचा वर्धा जिल्हा ड्राय, म्हणजे तिथेही दारू नाही. तेव्हा ड्राय वाइन म्हणजे दारू काढून घेतलेली वाइन, बिनसाखरेच्या चहासारखी. त्यांचा चेहरा मोकळा झाला. पायलला तो का मोकळा झाला ते कळलं आणि ती गप्प राहिली. तिला अकोला दिसत होतं.

"दारू काढून टाकली तं तिच्यात उरलं काय?" भागीरथाबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"पानी," शेषराव म्हणाले.

"मंग पान्याले नापास करून येऊ नका. पोरीचं काम हाय."

चार वाजता टेबलावर पांढरी चादर, सहा बाटल्या, पाच माणसं आणि प्रत्येकापुढे एक स्टीलचं भांडं. पुण्याहून आलेल्या साहेबांनी सांगितलं की घोट तोंडात फिरवायचा आणि भांड्यात थुंकायचा. शेषरावांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. उभ्या आयुष्यात त्यांना प्रत्येक भिंतीने थुंकू नका असंच सांगितलं होतं. पहिल्यांदाच कुणी समोर भांडं ठेवून विनंती करत होतं. चाळीस वर्षांचा सराव कामी आला. त्यांची धार भांड्याच्या बरोबर मधोमध पडली. शेजारी बसलेल्या दातांच्या डॉक्टरांनी खुर्ची जरा सरकवली आणि मग कौतुकाने पुन्हा जवळ घेतली.

कॉलेजातल्या प्राध्यापक बाईंना जांभळाचा वास आला. बँकेच्या साहेबांना ओल्या मातीचा आला. मोटारसायकलच्या शोरूमवाल्यांनी दोघांनाही दुजोरा दिला. शेषरावांना आंबट लागली. आंबट हा वास आहे की चव, हे त्यांनी पायलला विचारलं.

फॉर्म इंग्रजीत होता. पायल मागे उभी राहून वाचून दाखवत होती.

"बाबा, बॉडी कशी वाटली?"

"कोनाची?"

"वाइनची."

शेषरावांनी पेला उजेडात धरला, खालून पाहिला, वरून पाहिला आणि लिहिलं : बॉडी आढळली नाही.

मग सवयीने त्यांनी बाटली हातात घेतली. चष्मा घरी राहिला होता. बारीक अक्षर दिसेना, पण दोन मोठ्या गोष्टी दिसल्या. वर लिहिलं होतं 'ड्राय'. खाली लिहिलं होतं साडेबारा टक्के.

शेषराव ताठ बसले.

"पायल, इकडं ये. हे काय लिवलं हाय?"

"साडेबारा टक्के, बाबा."

"अन् वरतं ड्राय. कोरडा म्हनते, अन् ओलावा साडेबारा?"

पायलने तोंड उघडलं. साडेबारा टक्के कशाचे हे सांगावं तर मोझरीचा शब्द मोडल्याचं सांगावं लागणार. तिने तोंड मिटलं.

"काय म्हणताहेत?" पुण्याचे साहेब म्हणाले.

"ओलाव्याचं म्हणताहेत, सर."

"ह्युमिडिटी? अच्छा," साहेब म्हणाले आणि त्यांनी ते वहीत टिपून घेतलं.

"हे वरचे माल झाले. आतला दाखवा," शेषराव म्हणाले आणि कोणी काही म्हणायच्या आत उठले. कपाट उघडून पुढच्या बाटल्या त्यांनी बाजूला केल्या, कोपरापर्यंत हात घातला आणि पार मागची एक बाटली ओढली. ती ओढताना त्यांचा चेहरा बदलला. साऱ्या वऱ्हाडाला ठाऊक आहे, ओला कापूस गंजीत दाबून ठेवला की गंजी आतून तापते.

"हात लावून पाहा," ते साहेबांना म्हणाले. "आतून गरम झाली. साडेबारावर ठेवली तं तापनारच. उद्या पेटन."

साहेबांनी हात लावला. बाटली खरंच कोमट होती. कपाटाच्या मागची भिंत तंदूरची होती आणि भिंतीपलीकडे श्रावण नावाचा धारणीचा आचारी सकाळी अकरापासून रोट्या लावत होता. साहेबांनी बाटली उघडायला लावली, एक घोट घेतला आणि त्यांना थुंकायची इतकी घाई झाली की नेम चुकला. पांढऱ्या चादरीवर डाग पडला. शेषरावांनी आपलं भांडं त्यांच्यापुढे सरकवलं.

"सिरका झालाय याचा," साहेब म्हणाले. "तुम्हाला कसं कळलं?"

"ओलावा," शेषराव म्हणाले.

गुण मोजले. आठ, आठ, आठ आणि नऊ. शेषरावांनी दोन दिले असते तरी सात पडले असते. पायल बापाकडे बघत राहिली. शेषरावांना हिशेब येत होता. त्यांनी पेन उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं.

"बाई, बाराच्या वर हाय," ते हळू आवाजात लेकीला म्हणाले आणि त्यांनी शून्य लिहिलं.

त्या दिवशी घरी जेवताना भागीरथाबाईंनी त्यांना भाजी दुसऱ्यांदा वाढली नाही.

पुण्याच्या साहेबांपुढे मात्र वेगळाच पेच होता. कपाट तंदूरला टेकवायचं कुणी ठरवलं, हे त्यांना वर कळवायचं होतं. कागद चाळताना पायलच्या तीन ईमेल निघाल्या. कपाटाची जागा बदला, बाटल्या तापतात, असं तिने आठ महिन्यांत तीनदा लिहिलं होतं आणि तिन्ही वेळा उत्तर आलं होतं की सगळ्या शाखांचा नकाशा एकच आहे. पंधरा दिवसांनी पत्र आलं. अमरावतीचं कपाट बंद. अकोल्याची शाखा पायलने सांभाळावी आणि कपाट कुठे ठेवायचं ते तिनेच ठरवावं. खाली आणखी एक ओळ होती : शेषरावांनाही सोबत आणावे, त्यांची ओलाव्याची पद्धत कंपनीला समजून घ्यायची आहे.

कंपनीला काय समजून घ्यायचं आहे, हे कंपनीलाही नीट माहीत नसावं.

तर बापलेक अकोल्याच्या बसमध्ये बसले. बडनेरा गेलं तरी पायल खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "बाबा, थे साडेबारा टक्के ओलाव्याचे नव्हते. दारूचे होते. ड्राय म्हंजे नुसती गोड नसलेली. मले मालूम होतं, मी सांगतलं नाही."

शेषरावांच्या कपाळावर आठी पडली. मूर्तिजापूरचा स्टँड आला, लोक चढले, उतरले, बस निघाली.

"म्या थुकली," शेवटी ते म्हणाले. "सारी थुकली. मोझरीचं काही बिघडलं नाही."

"हो बाबा."

आणखी दोन-तीन किलोमीटर गेले. त्यांच्या कपाळावरची आठी काही जाईना.

"साडेबारा दारू, म्हनतं. मंग ओलावा किती होता तिच्यात?"

पायलने थोडा विचार केला. "बाकी सारा ओलावाच ना, बाबा."

शेषरावांच्या कपाळावरची आठी गेली. त्यांनी पाठ टेकवली आणि डोळे मिटले.

"मंग शून्यच बरोबर होतं," ते म्हणाले.