उन्हात न दिसणारा जाळ

थंड पेयाचे दोन रिकामे डबे कापून मी स्टोव्ह केला. बुडाचे भाग एकमेकांत दाबून बसवले आणि मायच्या वाकळ शिवायच्या सुईने कडेला भोकं पाडली. आत लाकडाच्या पॉलिशचं स्पिरिट ओतायचं. हळद काढताना बांधावर चहा व्हावा, एवढंच डोक्यात होतं.

"लेकरं झाली तरी डब्बे कापून राहिला," माय हसली होती.

भर दुपारी मी चहा उतरवला आणि हळद काढणाऱ्या बायांना द्यायला गेलो. स्टोव्ह विझला समजून मायने तो उचलला. दोन बोटं भाजली.

"तू लांब होतास," ती म्हणाली, "मी समोर बसून मला जाळ दिसू नये? डोळे गेले रे माझे."

बोटं बरी झाली. पण जुन्या लुगड्यांची अर्धवट शिवलेली वाकळ तिने घडी करून ठेवली आणि सुई सुनेला देऊन टाकली. वसमतच्या डॉक्टरने वयाच्या मानाने डोळे चांगले आहेत असं सांगितलं, तेही तिला पटलं नाही. मी शेजारीच बसलो होतो.

खरं तर त्याआधीच मी अंगणात स्टोव्ह पुन्हा पेटवून पाहिला होता. स्पिरिटचा जाळ कडक उन्हात कुणालाच दिसत नाही. मग बोललो का नाही? न तपासता तिच्यापुढे ठेवला, हे कबूल करायची लाज? की डोळे गेलेच असतील, असं मलाही वाटू लागलं होतं? अजून उलगडत नाही.

शेवटी एका दुपारी स्टोव्ह पेटवून तिला अंगणात बोलावलं.

"माय, जाळ दिसतो का?"

"न्हाई बाबा."

"मला बी न्हाई." मी स्टोव्हवर तुरीची काडी धरली. काडी पेटली.

ती काडीकडे बघत राहिली. "तुला कवा कळलं?"

"हळद शिजवायच्या आधी."

"अन् आता नवी हळद लावायची येळ आली. काहून बोलला न्हाईस?"

तिने सुनेकडून सुई मागवली आणि टोकावर बोट फिरवलं. टोक बोथट झालं होतं.

"हे बी तूच?"

"व्हय."

तिने टोक पायरीच्या दगडावर घासलं आणि दोरा ओवायला घेतला. दोनदा हुकला, तिसऱ्यांदा गेला. तो वयाने हुकला की तीन महिने सवय मोडल्याने, ते मला कळलं नाही. विचारायचा धीरही झाला नाही.