काकूंचे शुक्रवार

किस्से काही आपण जमवत नाही. मोबाइलमधल्या शॉट्ससारखे ते आपोआप साठत जातात, आणि एक दिवस स्टोरेज भरलं असा मेसेज आला की काय काय उडवायचं ते बघत बसावं लागतं. मी असा बसलो की एकही उडवत नाही. बायको म्हणते, नवीन फोन घे. नवीन फोन घेऊन काय करू? मला जुन्यातलीच माणसं हवी आहेत.

गेल्या महिन्यात उल्हासनगरच्या एका कॉलेजने मला बोलायला बोलावलं. विषय होता, 'यशस्वी व्हिडिओ क्रिएटरच्या सवयी'. मी काही मोठा क्रिएटर नाही. अंबरनाथ पूर्वेला राहतो, एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्वालिटी बघतो आणि सुट्टीच्या दिवशी मित्रांचे व्हिडिओ एडिट करतो. पण बोलावलं म्हणून मुद्दे काढायला बसलो, तर प्रत्येक मुद्द्यापाशी सुमनकाकूच येऊन बसल्या!

आम्ही चौघं. काकू बदलापूरच्या, कात्रपला राहतात, त्यांचा स्वयंपाकाचा चॅनल. जितू उल्हासनगरचा सिंधी, मोबाइल कव्हरचं दुकान सांभाळून होलसेल मार्केटचे व्हिडिओ करतो. कल्पेश बदलापूरजवळच्या गावातला आगरी, भातशेती आणि रानभाज्या दाखवतो. चौथा मी. रविवारी काकूंच्या घरी शूट, शुक्रवारी काकूंचा व्हिडिओ, अशी आमची वर्षं गेली. मग हिवाळ्यात काकूंचे यजमान, आमचे काका, गेले आणि शुक्रवार बंद पडले. काकू परत सुरू करतील की नाही, याशिवाय आम्हा तिघांना सध्या दुसरा विषय नाही.

* * *

पहिली सवय, खाडा करायचा नाही. काकूंनी कधीच केला नाही.

एका रविवारी त्यांचा आवाज पार बसला. तोंडातून नुसती हवा. मी म्हटलं, या आठवड्यात राहू द्या. काकूंनी माझ्याकडे असं बघितलं की मी गपचूप ट्रायपॉड उघडला.

काका पेंटच्या फॅक्टरीतून ऑफिसर म्हणून रिटायर झालेले. अक्षर छापल्यासारखं. पण कॅमेऱ्यासमोर यायचं नाव काढलं की म्हणायचे, "माझा फोटो गॅसच्या कार्डावर आहे, तेवढा पुरे." त्या दिवशी मात्र काकूंनी त्यांना पाटी-पेन्सिल घेऊन फ्रेमच्या बाहेर बसवलं. काकू फोडणी करणार, आणि बाजूने एक हात पाटी पुढे करणार: 'मोहरी तडतडू द्या.' 'आता हिंग.' 'घाई नको.'

तो व्हिडिओ जोरात चालला. सगळ्या कॉमेंट एकच विचारत होत्या, हात कुणाचा? काकूंनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, "घरचाच आहे."

त्यानंतर काका दर शनिवारी नखं कापून ठेवायचे. न जाणो, परत बोलावणं आलं तर.

* * *

दुसरी सवय, टाकण्याआधी कुणाला तरी दाखवायचं. यात जितूचा हात कुणी धरणार नाही.

जितू आपला प्रत्येक व्हिडिओ आधी दुकानात बसलेल्या वडिलांना दाखवतो. वडिलांना जेवणानंतर डुलकी येते, आणि नेमक्या त्याच वेळी जितू फोन पुढे धरतो. जिथे डोळे मिटले तिथे कात्री. आमच्यासारखे लोक बघणारे कुठे गळाले त्याचा ग्राफ बघतात, हा पापण्या बघतो. "पप्पा सोये नहीं, मतलब व्हिडिओ पास," हा त्याचा हिशोब.

एकदा त्याने वडिलांना काकूंचा कढीचा व्हिडिओ लावून दिला. म्हातारा सरळ होऊन बसला. शेवटपर्यंत बघितला, फोन जितूच्या हातात दिला, गल्ल्यावरून उठला आणि चपला घालून निघाला.

जितूने विचारलं, कुठे?

"घर. तेरी माँ को बोलता हूँ, ऐसी बनाए."

दुसऱ्या दिवशी जितूच्या आईचा काकूंना फोन आला, की बहन, आमच्या घरात पहिल्यांदा मला कुणी रेसिपी सांगितली आणि ती पण चुकीची. मग दोघी तासभर बोलत बसल्या.

* * *

तिसरी सवय, सुरुवात पटकन करायची.

कल्पेशला हे काही केल्या पटायचं नाही. कॅमेरा लागला की तो आधी गावदेवीला नमस्कार करायचा, मग आईबाबांना, मग सगळ्या पाड्यांतल्या मंडळींना, मग नवीन सबस्क्रायबरना. भाजी दिसेपर्यंत बघणारा जेवून हात धुवायचा. काकूंनी त्याला समजावलं, की पाहुणा दारात आला की आपण आधी पाणी देतो, घराण्याची माहिती नंतर.

कल्पेशने ते मनावर घेतलं. जरा जास्तच. पुढच्या व्हिडिओत तो शेताच्या बांधावरून बोलत बोलत थेट चिखलात गेला, आणि मी एडिट करताना सुरुवात तिथूनच केली. नमस्कार नाही, काही नाही, धप्प! त्याचा सगळ्यात जास्त चाललेला व्हिडिओ तोच आहे.

आम्ही पार्टी मागितली तर कल्पेश गंभीर चेहरा करून म्हणाला, "आता माना दर वेली चिखलान परावं लागंल काय? कंबरंचं काय ते काकींना इचारा."

काकूंनी त्याच्या हातात शेकायची पिशवी दिली. आतल्या खोलीतून काकांचा हसण्याचा आवाज आला. काका असे नेहमी आतूनच हसायचे.

* * *

चौथी सवय, प्रत्येक कॉमेंटला उत्तर. हा किस्सा मी कॉलेजात सांगायला घेतला आणि मध्येच पाणी प्यावं लागलं.

एका गृहस्थांनी काकूंच्या व्हिडिओखाली लिहिलं, 'या बाईला काही येत नाही. वांग्याच्या भाजीची वाट लावली.' आम्ही तिघं भांडायच्या तयारीत. जितूने तर सिंधीत काहीतरी टाइप करूनसुद्धा ठेवलं होतं. काकूंनी आम्हाला गप्प बसवलं आणि स्वतः लिहिलं, 'बरोबर आहे, शिकतेच आहे. तुमच्याकडे कशी करतात?'

दोन दिवस गेले. मग त्या माणसाने भाजीची अख्खी कृती लिहून पाठवली, त्याच्या आईची. काकूंनी पुढच्या शुक्रवारी ती केली, आईच्या नावाने. तेव्हापासून ते गृहस्थ दर शुक्रवारी हजर. कधी मीठ जास्त वाटतंय म्हणायचे, कधी कढई बदला म्हणायचे. कौतुक मात्र चुकूनही नाही.

शुक्रवार बंद पडल्यावर हजारो लोकांनी विचारलं, काकू कुठे आहेत. या गृहस्थांनी काहीच विचारलं नाही. मग एक दिवस जुन्या वांग्याच्या व्हिडिओखाली त्यांची एक ओळ दिसली. 'काकू, मी परत वाईट लिहू का? निदान उत्तर तरी द्याल.'

मी तो स्क्रीनशॉट काकूंना पाठवला. त्यांनी बघितला. दोन निळ्या खुणा आल्या आणि पुढे काही आलं नाही.

* * *

आम्ही प्रयत्न काही कमी केले नाहीत. कल्पेश रानातून भाजी घेऊन गेला. काकूंनी ती निवडली, शिजवली, त्यालाच डब्यात भरून दिली. जितूने नवीन लाइट नेला. काकू म्हणाल्या, छान आहे, दुकानात लाव. मी गेलो तेव्हा मात्र त्या स्वतःहून बोलल्या.

"मंदार, तुम्ही सगळे म्हणता ना, कॅमेऱ्यासमोर एकाच माणसाशी बोलतोय असं समजून बोलावं? मला समजावं लागायचंच नाही. हे आत बसलेले असायचे. यांना चहापलीकडे काही येत नव्हतं, म्हणून मी इतकं फोड करून सांगायची. आता तोंड उघडलं की वाटतं, कुणाला सांगतेय मी?"

सवयींवर भाषण देणारा माणूस मी, चहा पिऊन परत आलो. काकूंची आठवण मला काकूंच्या समोर बसून येत होती. असं मला आधी कधी झालं नव्हतं.

* * *

आणि हा परवाच्या रविवारचा किस्सा.

शनिवारी काकूंचा फोन आला, उद्या तिघं या, कॅमेरा आण, लॅपटॉपही आण. आम्ही ठरल्या वेळेच्या आधीच कात्रपला हजर. ओट्यावर सगळी तयारी होती. पोहे भिजवलेले, कांदा चिरलेला, कोथिंबीर वाटीत. मी कॅमेरा लावला, काकूंच्या पदराला माइक लावला. जितूने पंखा बंद केला. काकू उभ्या राहिल्या. तोंड उघडलं आणि मिटलं. परत उघडलं, परत मिटलं. मग खुर्ची ओढून बसल्या.

"ते आमचे गप्प बसलेले तुकडे तुझ्याकडे आहेत का रे?"

शूट संपलं की आम्ही अर्धं मिनिट सगळे गप्प उभे राहायचो आणि मी नुसता खोलीचा आवाज घ्यायचो. एडिट करताना दोन वाक्यांच्या मधली फट त्या आवाजाने बुजवता येते. माझ्याकडे प्रत्येक रविवारचा असा तुकडा होता. मी सांगितलंच, मी काही उडवत नाही.

मी लॅपटॉप ओट्यावर ठेवला आणि लावला. पहिल्या तुकड्यात फ्रिजची घरघर, खाली कुणाची तरी स्कूटर, आणि आतल्या खोलीतून पेपरचं पान उलटल्याचा आवाज. दुसऱ्यात कुणीतरी आत दबून खाकरलं. काकू हनुवटीला हात लावून ऐकत होत्या. कल्पेश खिडकीतून बाहेर बघायला लागला. असे बरेच झाले. एका तुकड्यात सगळं शांत होतं आणि अचानक आतून काकांचा आवाज आला, "झालं का गं? चहा टाकू?" त्यावर काकूंचं "शूऽऽ", जितूचं हसणं आणि माझं वैतागून "काका, परत घ्यावं लागणार!"

जितूने डोळे पुसले. लॅपटॉप बंद करावा म्हणून मी हात पुढे केला, तर काकूंनी तो धरला. त्या उठल्या, पदर नीट केला, कॅमेऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"हाच परत लाव. आणि तो कॅमेराही चालू कर."

मी दोन्ही केलं. फ्रिजची घरघर आली, मग शांतता, मग आतून काका.

"झालं का गं? चहा टाकू?"

काकूंनी आतल्या दाराकडे बघितलं.

"टाका," त्या म्हणाल्या. "पाच कप टाका."