वानखेडेंच्या हाती सरांचे कान

चंदीगडमध्ये मराठी माणूस मराठी माणसाला शोधतो तो गणपतीच्या वेळी, नाहीतर कुणी पुण्याहून येणार असेल तर बाकरवडी मागवायला. आमचा ग्रुप मात्र जाझवर जमला. मूळ कल्पना अशी होती की दर शनिवारी दुपारी एकत्र बसायचं, संगीत ऐकायचं आणि मन शांत करायचं. मन शांत झाल्याचं मला एकदाही आठवत नाही. किस्से मात्र एवढे साठलेत, की कुणी सहज "कसा चाललाय तुमचा ग्रुप?" असं विचारलं तरी माझ्यासमोरचा चहा गार होतो.

आधी माणसं सांगते. बैठक भरते ती अभ्यंकर सरांकडे. सर सेक्टर तीसमधल्या प्रयोगशाळेत इंजिनियर होते, आता निवृत्त. आयुष्यभर दुसऱ्यांची उपकरणं तपासली आणि दुसऱ्यांच्या चुका काढल्या. निवृत्तीनंतर उपकरणं सुटली. सर जुन्या जाझचे. चारपाच जण, प्रत्येकाला काहीतरी म्हणायचंय, आणि कुणीही दुसऱ्याची वाट बघत नाही, असं ते संगीत. सरांच्या मते जाझ जुन्या काळातच पूर्ण झाला. "त्यानंतर चाललाय तो सत्कार समारंभ," असं ते म्हणतात.

समोरच्या पक्षात डॉक्टर वानखेडे. अमरावतीचे, इथे एका हॉस्पिटलात कान-नाक-घशाचे मोठे सर्जन. त्यांना हवा स्मूथ जाझ. संथ लय, गुळगुळीत सॅक्सोफोन, एक सूर धरला की सोडायचं नाव नाही. सर त्याला "तुमचं ते सुगम" म्हणतात. वानखेडेंचं म्हणणं साधं आहे. "दिवसभर लोकांच्या घशात पाहतो राजेहो. संध्याकाळी मले कोणी ओरडलेलं चालत नाही."

मी मोहालीला औषधांवर संशोधन करते आणि दोन्ही पक्षांना मान डोलावते. मी जाझसाठी येते असं सरांना वाटतं. सुधाताई, म्हणजे सौ. अभ्यंकर, त्यांचे दडपे पोहे ज्यांनी खाल्लेत त्यांना खरं कारण सांगायला नको.

*

अगदी सुरुवातीची गोष्ट. सरांनी लाडकी रेकॉर्ड लावली होती आणि ड्रमवाला पेटला होता. एवढ्यात बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरचे ग्रेवाल अंकल, घाईत एकाच पायात चप्पल.

"भाभीजी, सब ठीक है जी?" त्यांनी सुधाताईंना हळूच विचारलं. "बर्तन कौन फेंक रहा है?"

"कोई नहीं. म्यूज़िक है."

अंकलनी जरा वेळ कान देऊन ऐकलं. मग सरांकडे फार सहानुभूतीनं बघून म्हणाले, "अच्छा जी... खरीद के लाए हो?"

*

वानखेडे ऑपरेशन करताना त्यांचा स्मूथ जाझ लावतात. हे सरांना कळलं तेव्हा ते गंभीरपणे म्हणाले, "मग भूलतज्ज्ञाला पगार कशाला देता?"

वानखेडे कसले ऐकतात! "तुमचं लावून पाहिलं होतं सर. भूल दिलेला पेशंट उठून बसला न!"

*

एकदा दोघांनी ठरवलं की निवाडा तिसऱ्याकडून करून घ्यायचा. मला कुणी विचारलं नाही. दोन्हीकडे मान डोलावली की हे असं होतं. निवडली गेली वानखेडेंची मुलगी ईरा. बारावीत आहे. मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत देते. तिनं आधी सरांचं ऐकलं, मग बापाचं ऐकलं, आणि मोबाईलमधून डोकं वर काढून निकाल दिला.

"अंकल वाला ऐसा है जैसे सब लोग झगड़ रहे हैं. और पापा वाला ऐसा, जैसे झगड़ा ख़त्म हो गया और अब किसी के पास बोलने को कुछ है ही नहीं."

दोघांनाही आपण जिंकलो असं वाटलं. तो वाद अजून मिटलेला नाही.

*

इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात एके वर्षी आम्हाला अर्धा तास दिला. समितीला 'काहीतरी वेगळं' हवं होतं. आधी जुनं लावायचं की स्मूथ, यावरून दोन शनिवार भांडण झालं. शेवटी ठरलं की सर दोन वाक्यांत प्रस्तावना करतील आणि मग दोन्हीतलं थोडं थोडं ऐकवू.

सर बोलायला उभे राहिले. दोन वाक्यांत ते जाझच्या जन्मापर्यंतसुद्धा पोचले नव्हते. वानखेडे पहिल्या रांगेतून घड्याळ दाखवत होते, सरांना वाटलं दाद देतायत. अर्धा तास संपला, आरतीची घंटा झाली, एकही रेकॉर्ड वाजली नाही. टाळ्या मात्र कडकडून पडल्या!

बाहेर पडताना पंचकुलाच्या एक काकू सरांना मुद्दाम भेटल्या. "छान झालं हो! मला आपली भीती, की वाजवताय की काय!"

*

मग एका हिवाळ्यात सरांची ती लाडकी रेकॉर्ड बिघडली. म्हणजे सरांच्या मते बिघडली. ड्रमवरची झांज पूर्वी कशी बारीक चमचमायची, आता ती मेली आहे, असं ते म्हणायला लागले. झालं! इंजिनियर जागा झाला. आधी प्लेअरची सुई बदलली. झांज येईना. मग वायर बदलल्या, मग अॅम्प्लिफायर, मग दोन्ही स्पीकर. मग चंदीगडच्या व्होल्टेजला शिव्या घालून झाल्या. दर शनिवारी नवा खोका फोडलेला असायचा आणि आवाज मागच्या शनिवारपेक्षा मोठा असायचा. ग्रेवाल अंकलनी दुपारची झोप गुरुद्वाराशेजारच्या बहिणीकडे हलवली.

त्या शनिवारी सर नव्या स्पीकरसमोर वाकून बसले होते. वानखेडे त्यांच्याकडे बराच वेळ बघत होते. चेहऱ्यावर नेहमीचं मिश्कील हसू नव्हतं.

"सर, सगळं बदललं. एक पार्ट राहिला."

"कुठला?"

वानखेडेंनी स्वतःच्या कानाला हात लावला.

सर ताडकन सरळ झाले. "डॉक्टर, ज्याला ते सुगम आवडतं, त्याच्या हाती मी माझे कान देऊ?"

आम्ही हसलो. सुधाताई हसल्या नाहीत.

*

सुधाताईंचा मला दोन दिवसांनी फोन आला. चौकातून रस्ता ओलांडताना मागून येणारी ई-रिक्षा आणि तिच्या बारीक हॉर्नचा आवाज सरांना कळलाच नव्हता. ग्रेवाल अंकलनी दंडाला धरून ओढलं म्हणून बचावले.

"मला आधीच कळायला हवं होतं," सुधाताई म्हणाल्या. "मी बोलते आणि हे नुसतं 'हं' म्हणतात. पण लग्न झाल्यापासून तसंच आहे ना गं, फरक लक्षात कसा येणार?"

आणि हसता हसता त्या रडायला लागल्या. ज्या माणसाची सगळी मिजास ऐकण्यावर उभी आहे त्याचेच कान जावेत, याचं मला फार वाईट वाटलं. आणि इलाज ज्याच्याकडे होता त्याच्याकडे सर जाणार नव्हते.

ते गेले दुसऱ्या डॉक्टरकडे, मोहालीला, वानखेडेंना न सांगता. त्या सरदारजी डॉक्टरांनी दोन्ही कान बघितले, मान हलवली आणि चिठ्ठी लिहिता लिहिता म्हणाले, "आप चंडीगढ़ में डॉक्टर वानखेडे को दिखा लो जी. पूरे चंडीगढ़-मोहाली-पंचकुला में उनके जैसे कान किसी के नहीं!"

घरी आल्यावर सरांनी चिठ्ठी सुधाताईंपुढे ठेवली आणि वानखेडेंची वेळ त्यांनाच घ्यायला लावली.

*

वानखेडेंकडे तपासणीला मीच त्यांना गाडीतून घेऊन गेले. एका बंद खोलीत बसवतात, हेडफोन लावतात. बारीक बारीक आवाज सोडतात, ऐकू आला की बटण दाबायचं. ते काम करणारी सिमरन नावाची मुलगी काचेपलीकडे बसली होती. सर आत डोळे मिटून, बोटानं ताल धरून बसले होते.

बाहेर आले ते खुशीत. "वानखेडे, तुमच्या त्या सुगमपेक्षा हे बरं आहे! सुरुवात ठीकठाक. पण मधले ते लांबलचक पॉज! काय हिंमत आहे! तुमच्या लोकांना एवढं गप्प बसता येईल का?"

एरवी वानखेडेंनी असं वाक्य जमिनीवर पडू दिलं नसतं. त्यांनी सिमरनकडे बघितलं, मग सरांची खुर्ची पुढे ओढली आणि त्यांना बसवलं.

"सर," ते सरांच्या कानाजवळ येऊन म्हणाले, "पॉज नव्हते."

परत येताना सरांनी गाडीतला रेडिओ स्वतःच बंद केला.

*

कानातली मशीन आली. पहिल्या शनिवारी आम्ही सगळे पोहे सोडून सरांच्या तोंडाकडे बघत होतो. रेकॉर्ड सुरू झाली. सर दचकले. "सुधा, तू काही तळतेयस का?"

सुधाताई त्यांच्या शेजारीच बसल्या होत्या. जुन्या रेकॉर्डची जी खरखर आम्हाला जेमतेम ऐकू येते, ती मशीननं वाढवून वाढवून सरांच्या कानात ओतली होती. कढई उकळत होती, तिच्याखाली कुठेतरी जाझ होता.

वानखेडेंनी घाईघाईनं त्यांचं स्मूथ लावलं, निदान ते तरी स्वच्छ वाजेल म्हणून. सॅक्सोफोनवाल्यानं नेहमीसारखा लांब सूर धरला. सरांनी भुवया उंचावल्या. सूर थरथरला म्हणे, आणि गेला! वानखेडेंनी कारण सांगितलं. मशीन कधीकधी कानात स्वतःच शिट्टी मारते, म्हणून असा एकसारखा सूर आला की तिला ती आपलीच शिट्टी वाटते आणि ती तो दाबून टाकते.

"म्हणजे तुमचा माणूस लांब सूर लावतो आणि मशीन त्याला गप्प करते?" सर म्हणाले. "मशीनला चव आहे!"

हसून हसून पुरेवाट झाली. पण हसणं ओसरल्यावर सरांनी दोन्ही मशीन काढून डबीत ठेवल्या. "बोलणं ऐकायला ठीक आहेत. सुधाची बोलणी तर अगदी स्वच्छ येतात. पण शनिवार आता काही दिवस बंद ठेवू या." हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की आम्हाला आधी थट्टाच वाटली.

वानखेडे उठले. "सर, ती रेकॉर्ड द्या मले. आन् प्लेअर पण."

सरांनी आजवर कुणाला रेकॉर्डचं रिकामं पाकीटसुद्धा दिलेलं नाही. त्या दिवशी दिली. यापेक्षा त्यांच्या मनाची अवस्था मला वेगळी सांगता येणार नाही.

*

पुढे काय चाललं होतं ते मला सिमरनकडून कळलं. संगीतासाठी मशीनमध्ये वेगळं सेटिंग करता येतं, पण ते जमायला चिकाटी लागते. वानखेडे ओपीडी संपली की मशीनला नळी लावून तीच रेकॉर्ड ऐकत बसायचे. थोडं बदलायचे, परत ऐकायचे. मधूनच सरांना बोलवायचे, नाव मात्र 'रुटीन चेकअप'चं.

"मैंने पूछा, सर, आपको ये इतना अच्छा लगता है?" सिमरन मला म्हणाली. "बोले, बिल्कुल नहीं!"

*

आता शेवटचा किस्सा, आणि माझा सगळ्यात आवडता.

वानखेडेंनी स्वतःच सगळ्यांना फोन करून शनिवार परत भरवला. प्लेअर जागेवर आला. सर नको नको म्हणत बसले. मशीन कानात घातल्या, वानखेडेंनी बटण दाबून ते नवं सेटिंग लावलं. रेकॉर्ड सुरू झाली.

सरांनी तळण्याबद्दल विचारलं नाही. अख्खी बाजू संपेपर्यंत त्यांनी मांडीवरचा हात हलवला नाही. सुई शेवटच्या रेघेत फिरायला लागली तरी कुणी उठेना.

"आली," सर म्हणाले. "झांज आली."

सुधाताई उठून उगाचच स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथे बराच वेळ नळ सोडून उभ्या राहिल्या. मीही खिडकीतून ग्रेवाल अंकलची स्कूटर बघत बसले, स्कूटरमध्ये बघण्यासारखं काही नसताना.

मग सर वानखेडेंकडे वळले आणि आजवर कधीच जे बोलले नव्हते ते बोलले. "आता तुमचं लावा."

वानखेडेंनी त्यांचा सगळ्यात आवडता तुकडा लावला. सॅक्सोफोनवाल्यानं लांब सूर धरला. या वेळी तो थरथरला नाही, दबला नाही, शेवटपर्यंत टिकला. सर पुढे वाकून, डोळे मिटून, एकेक सूर ऐकत होते. इतकं मन लावून त्यांनी स्वतःच्या लग्नातली मंगलाष्टकंही ऐकली नसतील. तुकडा संपला.

"वानखेडे," सर हळूच म्हणाले, "इतकी वर्षं मी तुमच्यावर अन्याय केला."

वानखेडे खुर्चीत ताठ बसले.

"मला आतून सारखं वाटायचं, यात काहीतरी असणारच. एवढा हुशार माणूस ऐकतो म्हणजे असणारच. माझेच कान कमी पडत असतील. आज पहिल्यांदा सगळं स्वच्छ ऐकलं, अगदी शेवटच्या सुरापर्यंत." सरांनी चष्मा काढून पुसला. "काही नाहीये हो यात!"

वानखेडे उडी मारून उठले आणि त्यांनी सरांना कडकडून मिठी मारली.

"जमलं!" ते स्वयंपाकघराच्या दिशेनं ओरडले. "सुधाताई, सेटिंग जमलं!"