नाकवाले चाचा आणि दिल्लीचा हिरवा तक्ता

नाकवाल्या चाचांचं नाक दिसायला साधंच होतं, पण त्याची हद्द फार लांबपर्यंत होती. लिंबागणेशच्या शिवारात विहिरीवरची मोटार जळाली की नेकनूरला दुकानात बसलेले चाचा हातातली चहाची बशी खाली ठेवायचे. "गेली एक. साडेसातची हाय." तासाभरानं कुणीतरी टेम्पोत घालून मोटार आणायचा आणि ती साडेसात हॉर्सपॉवरचीच निघायची. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. ज्यांना पटत नसेल त्यांनी इथंच थांबावं, कारण पुढचं याहून अवघड आहे.

चाचांचा धंदा मोटारी भरण्याचा. म्हणजे जळालेली तार खरवडून काढायची, नवी तांब्याची तार गुंडाळायची, वार्निश पाजायचं आणि मोटार पुन्हा विहिरीवर धाडायची. या एका धंद्यावर त्यांनी तीन पोरी शिकवल्या आणि तिघींची लग्नं लावली. दुकान एवढं लहान, की पंधराची मोटार आत आली की चाचांना बाहेर यावं लागायचं.

मोटार आली की ते आधी झाकण उघडून नाक आत घालायचे. डोळे मिटायचे. मग निदान व्हायचं. "हिची एक फेज गेलती." "ही कमी होल्टेजनं कण्हत कण्हत मेली बिचारी." एकदा एका पाहुण्याची मोटार हुंगून म्हणाले, "ही ऑटो-स्टार्टरवर टाकून तू सासुरवाडीला गेलतास. विहीर कोरडी झाली तरी ही फिरतच राहिली. कावून बे, सासरा पाणी पाजीत न्हाई का?" पाहुणा खरंच सासुरवाडीहून आला होता. त्याच्या पिशवीत धपाटी होती. ती आम्ही खाल्ली.

निदान झालं की ते वहीत जायचं. जाड पुठ्ठ्याची वही. तारीख, गाव, हॉर्सपॉवर आणि शेवटचा रकाना "कारण". मी एकदा विचारलं, "चाचा, मोटार तर जळून गेली. कारण लिहून काय मिळतंय तुमाला?"

"माणूस मेला तर डॉक्टर कारण लिहितो का न्हाई? मग मोटारीनं काय पाप केलंय?"

अशा पंधरा-सोळा वह्या झाल्या. त्यांवर चढून चाचा माळ्यावरचं वार्निश काढायचे.

तर एके वर्षी बातमी आली की दिल्लीच्या वीज आयोगाची माणसं बीडला येणार आहेत. आयोग म्हणजे वीज विकणाऱ्यांच्या डोक्यावर बसवलेला पंच. पुढच्या काही वर्षांत आपण काय काम करायचं आणि ते झालं की नाही हे कशावरून मोजायचं, याबद्दल आयोगाला लोकांचं म्हणणं ऐकायचं होतं. मी बत्तीस पानांचं भाषण लिहिलं. चाचांनी एक वही आणि एक जळकी कॉइल पिशवीत टाकली.

एसटीत मी त्यांच्या कानाला लागलो. "चाचा, जरा इचार करा. उद्या खरंच लाईट सुधारली तर तुमच्या दुकानात कोण येईल? आपल्याच हातानं आपल्याच पायावर धोंडा कशाला?"

चाचांनी पिशवी मांडीवर घट्ट धरली. म्हणाले, "सुभाष, तोंड बंद ठेव. मला आधीच लई भ्या वाटतंय."

सभागृहात पंखे एवढ्या जोरात फिरत होते की पुढच्या रांगेतल्या तीन टोप्या छताला चिकटल्या. आयोगाच्या मॅडम नागपूरकडच्या निघाल्या, त्यामुळं मराठीतच बोलल्या. भिंतीवर आयोगाच्या कामाचा मोठा तक्ता लावला. उद्दिष्ट काय, ठरवलं किती, झालं किती. बैठका ठरल्या तेवढ्या झाल्या. परिपत्रकं ठरली त्याहून जास्त निघाली. तक्रारी सगळ्या निकाली. प्रत्येक ओळीसमोर हिरवा रंग.

चाचा उठले. "मॅडम, तुमचा तक्ता तर लई हिरवागार हाय. आमच्याकडं एवढं हिरवं श्रावणात बी दिसत न्हाई."

सभागृह हसलं. मॅडमही हसल्या, पण पेन उघडून.

चाचांनी पिशवीतून कॉइल काढली आणि टेबलावर ठेवली. तो जळका वास पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत चालत गेला. दारातला शिपाई शिंकला. "ही बैठकीत जळाली न्हाई," चाचा म्हणाले. "ही लिंबागणेशात जळाली. तुमची बैठक झाली, परिपत्रक निघालं, तक्रार निकाली बी निघाली आन् तरी ही जळाली. मग निकाली काय निघालं? कागद. तुमच्या तक्त्यात एकच ओळ वाढवा. लाईटच्या दोषानं जळालेल्या मोटारी. ती ओळ कमी व्हाया लागली की समजा, काम झालं."

मॅडमनी वही चाळली. प्रत्येक पानावरचा "कारण" रकाना वाचला. शेजारचा तरुण साहेब हळूच म्हणाला, "पण चाचा, मोटारी जळायच्या थांबल्या तर तुमचा धंदा बसेल."

चाचांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. "साहेब, दवाखाना चालावा म्हणून डास पाळायचे का?"

माझी बत्तीस पानं खिशातच राहिली. ती पुढं भजी बांधायला कामी आली.

ओळ खरोखर वाढली. दर तीन महिन्यांनी जळालेल्या मोटारींचा आकडा विचारायला दिल्लीहून चाचांना फोन यायला लागला. त्या दिवशी ते इस्त्रीचा कुडता घालायचे आणि अत्तर लावायचे. मी म्हणालो, "फोनवर अत्तर कुठं जातं?" तर म्हणाले, "माझं नाक जातं लिंबागणेशला, मग अत्तर दिल्लीला कावून न्हाई जाणार?"

आता आकड्याला वजन आलं म्हटल्यावर त्याच्याभोवती माणसं जमणारच. वीज पुरवणाऱ्यांकडचे एक साहेब दुकानात येऊन म्हणाले, "चाचा, पाच असतील तिथं दोन लिहा, आमची बाजू सांभाळा." चाचांनी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. ते जाताच आमच्या गावाची मंडळी आली. त्यात सगळ्यात पुढं मी. "चाचा, दोन असतील तिथं पाच लिहा, गावाच्या ट्रान्सफॉर्मरची नवी डीपी लवकर येईल."

आम्हाला मात्र चहासुद्धा मिळाला नाही. "मला एकच नाक हाय, बे," चाचा म्हणाले. "त्यानं एकदा खोटं सांगितलं, तर मग मी खरं कुणाला इचारू?"

दोन वर्षांत नवी डीपी आली, शेतीची लाईन वेगळी झाली. होल्टेज असं सरळ आलं की माझ्या विहिरीचं पाणी शेजारच्या तालुक्यात जाऊन पडायला लागलं. चाचांच्या वहीतल्या नोंदी विरळ झाल्या. एका तिमाहीला दिल्लीचा फोन आला तेव्हा चाचा ताठ उभे राहून म्हणाले, "शून्य, मॅडम." त्यांनी रस्त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याला पेढे वाटले.

दुसऱ्या दिवसापासून दुकानात दोन पंखे आणि एक मिक्सर, एवढाच ऐवज. चाचा रिकाम्या बाकड्यावर बसून रस्त्याकडे तोंड करून हुंगत राहायचे. मी समोरून जायचो आणि मला माझ्याच पाण्याची लाज वाटायची.

शेवटी मी घरातली जुनी तीनची मोटार उघडली, आतली कॉइल कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीच्या जाळावर चांगली काळी केली, परत बसवली आणि मोटार चाचांपुढं नेऊन आदळली. "चाचा, जळाली की हो! घात झाला!"

चाचांनी नाक आत घातलं. डोळे मिटले. मग डोळे न उघडताच म्हणाले, "सुभाष, लाईट पऱ्हाटीवर कवापासून चालाया लागली?"

त्यांचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं रडतायत. हसत होते. थोडं दोन्ही होतं. त्यांनी ती मोटार चार दिवस लावून भरली. एवढी घट्ट आणि देखणी तार मी नवऱ्या मुलीच्या गळ्यातही पाहिली नाही.

त्याच आठवड्यात दिल्लीचा फोन आला. मी तिथंच होतो. "शून्य, मॅडम," चाचा म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "एक आलती. पण ती तुमच्या तक्त्यात बसत न्हाई."

पुढं दुकान बंद करून चाचा धाकट्या लेकीकडं अंबाजोगाईला राहायला गेले. जाताना शेवटची वही माझ्या हातात ठेवली. शेवटची नोंद माझ्या मोटारीची होती. तारीख, गाव, तीन हॉर्सपॉवर. आणि "कारण" या रकान्यात, त्यांच्या वाकड्या अक्षरात, "दोस्ती."

ती मोटार आजही विहिरीवर चालते. मी अधूनमधून झाकण उघडून नाक आत घालतो. वार्निशचा वास येतो. आणि त्याच्यामागं, माझी शपथ, जरासा पऱ्हाटीचा.