सकाळपासून सांगा, आंटी

सासूबाई पुन्हा हॉस्पिटलात होत्या आणि मी देवावर इतकी चिडले होते की सकाळी देव्हाऱ्यासमोर उभी राहून, हात न जोडता, त्याला चांगलं खडसावून आले. म्हटलं, ही बाई तुझ्यासाठी अन्न सोडते, पाणी सोडते, दुखऱ्या गुडघ्यांनी इथे लंडनमध्ये वेम्बलीच्या देवळाच्या पायऱ्या चढते, आणि तू तिचा श्वासच काढून घेतोस? कसला देव तू! भक्तीत वाढलेल्या माझ्या तोंडून असं काही निघेल असं वाटलं नव्हतं. निघालं, आणि त्याचा पश्चात्तापही झाला नाही.

सासूबाईंचा दमा जुना. थंडीत वाढतो, उन्हाळ्यात कमी होतो, असं आम्ही धरून चाललो होतो. पण त्या वर्षी हिवाळा सरला तरी ॲम्ब्युलन्स दारात यायची थांबेना. दर वेळी ऑक्सिजन, स्टेरॉइड आणि थोडं बरं वाटलं की घरी. दर वेळी नवा डॉक्टर आणि जुनाच प्रश्न, इनहेलर नीट घेतात ना? त्यांनी तोंड उघडायच्या आत माझा नवरा उत्तर द्यायचा, "येस डॉक्टर, शी इज व्हेरी रेग्युलर." सासूबाई हसून मान डोलवायच्या. डॉक्टरांपुढे तक्रार करणं त्यांना उद्धटपणाचं वाटतं. या वेळच्या डॉक्टरने आधी आमच्याकडे आणि मग घड्याळाकडे बघत सांगितलं की काही कुटुंबांना सूचना पाळणं अवघड जातं. काही कुटुंबांना! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. असा आणखी एक अ‍ॅटॅक त्यांना झेपणार नाही, हेही त्याने त्याच सुरात सांगितलं आणि तो पुढच्या खाटेकडे वळला.

त्या दुपारी वॉर्डातली नेहमीची नर्स रजेवर होती, म्हणून दुसऱ्या विभागातून एक बाई आली. पन्नाशीची, सावळी, आवाज जाडसर. तिने खुर्ची ओढली आणि सासूबाईंच्या डोळ्यांसमोर येईल अशी बसली. "आंटी म्हटलं तर चालेल? आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला आंटीच म्हणतात," ती म्हणाली. मी विचारलं, आमच्याकडे म्हणजे कुठे? ती ऑस्ट्रेलियातली आदिवासी होती. मग तिने एक मोठा कोरा कागद मांडीवर घेतला आणि म्हणाली, "ॲम्ब्युलन्सपासून नको. त्या दिवशी सकाळी उठल्यापासून सांगा, आंटी."

नवऱ्याने नेहमीप्रमाणे सुरुवात केली, "ॲक्च्युअली, मॉर्निंगला शी वॉज फाइन." तिने त्याला हसत हसत गप्प केलं आणि मला दुभाषी केलं.

सासूबाई बोलू लागल्या. उठले, आंघोळ केली, पूजा केली. ती चित्र काढत गेली. बादली, देव्हारा, खिडकी. "मग नाश्ता?" सासूबाई म्हणाल्या, "छे, सोमवार ना तो. कडक उपास. संध्याकाळपर्यंत पाणीसुद्धा नाही."

"आणि इनहेलर?"

"उपाशीपोटी औषध घेतात का कुठे?" सासूबाईंनी तिलाच विचारलं. "संध्याकाळी जेवल्यावर घेते की. रोज जेवणानंतरच घेते, अगदी न चुकता."

भाषांतर करता करता मला सगळं उलगडत गेलं. आधी त्यांची फक्त संकष्टी असायची. पहिल्यांदा अ‍ॅडमिट झाल्या तेव्हा बरं वाटावं म्हणून सोमवार धरला. पुन्हा झाल्या तेव्हा गुरुवार. दम लागला की उपास वाढवायचा, आणि उपास वाढला की औषध कमी, पाणी कमी, छातीतला कफ घट्ट. उपास आम्हाला ठाऊक होते, संध्याकाळी उपास सोडायचं सामान मीच आणत होते. इनहेलर कधी घेता, एवढं साधं मात्र घरात कोणी विचारलं नाही आणि हॉस्पिटलातही नाही. मला ओरडावंसं वाटत होतं.

नर्सने उपास सोडा म्हटलं नाही. तिने विचारलं, "आंटी, श्वास घेतल्याने उपास मोडतो का?"

सासूबाई म्हणाल्या, "श्वासाने कसला मोडतोय? तो तर त्यानेच दिलेला." आणि डोळे पुसून त्यांनी स्वतःच सांगितलं, "पाणीही घेईन. चालतं पाणी."

नर्सला सोडायला मी कॉरिडॉरपर्यंत गेले. हे कुठे शिकलात, विचारलं. ती म्हणाली, तिच्या आजीलाही फुप्फुसाचा आजार होता. गावापासून फार लांबच्या शहरात आजीला विमानाने नेत. तिथे म्हणायचे, ही म्हातारी ऐकत नाही, औषधं न घेता पळून जाते. ती घरच्या माणसांसाठी रडत होती, हे कोणी विचारून घेतलंच नाही. ती तिथेच, एकटी गेली. नंतर तिच्या लोकांनी आजाऱ्याचा सगळा रस्ता घरापासून त्याच्याच तोंडून ऐकून कागदावर काढायला सुरुवात केली, ती म्हणाली. मी म्हटलं, तुम्हाला राग येत नाही? "येतो की. रोज येतो," ती म्हणाली. "तो घेऊनच कामावर येते."

सासूबाई घरी आल्या. सोमवार अजून करतात, सकाळी इनहेलर घेतात, चूळ भरतात, मग पूजेला बसतात. तेव्हापासून ॲम्ब्युलन्स आलेली नाही. हा चमत्कार आहे का, मला सांगता येणार नाही. ती बाई पुन्हा त्या वॉर्डात दिसली नाही, एवढं खरं.

शरण जायचं म्हणजे तोंड मिटून सोसायचं, असं मला शिकवलं होतं. आता मी देवाशी भांडते आणि भांडता भांडता त्याच्याच पायाशी बसते, दुसरीकडे जाणार तरी कुठे? रोज मनापासून म्हणते, तिला आमच्याकडे पाठवलंस, तुझे उपकार फिटणार नाहीत. आणि रोज विचारते, तिच्या आजीकडे कोणाला पाठवलं होतंस?